गावात कोंबड्या मरायला लागल्या तर फोन कोण करणार?

(एपिसोडचा मजकूर. बोलताना आलेले 'अं' आणि 'म्हणजे' काढून टाकलेत. मागे मधूनमधून ओरडणारा कोंबडापण लिहून दाखवता येत नाही, तो ऐकायचा असेल तर ऑडिओ लावा.)

आजचा एपिसोड मी पुण्याच्या खोलीतून नाही, म्हसळ्याला घरच्या माडीवरून रेकॉर्ड करतोय. त्यामुळे मागे आवाज येणार. विषयही त्या आवाजाचाच आहे.

जानेवारी २०२५ ची गोष्ट. सकाळी ऑफिसच्या कॉलवर होतो, आईचा फोन आला. आई कॉलच्या वेळेला फोन करत नाही, म्हणून कॅमेरा बंद करून उचलला. ती म्हणाली, "अरे, शेजारच्या काकींच्या तीन कोंबड्या गेल्या. काल संध्याकाळी दाणे टिपत होत्या, सकाळी डालगं उचललं तर आडव्या." मी विचारलं, मांजर, मुंगूस काही? "जखम नाही रे. एक तर मान वाकडी करून पडली होती."

आता एरवी मी हे ऐकून सोडून दिलं असतं. कोकणात कोंबड्यांची मर दरवर्षी कुठे ना कुठे असतेच. पण त्याच आठवड्यात आपल्याच रायगड जिल्ह्यात, उरण तालुक्यातल्या चिरनेरला बर्ड फ्लू निघाला होता. चिरनेर म्हणजे तेच, १९३० च्या जंगल सत्याग्रहाचं. बातमीचे फोटो गावच्या ग्रुपवर फिरत होते, पांढरे पीपीई सूट घातलेली माणसं आणि हातात पोती. म्हसळ्यापासून चिरनेर शंभरेक किलोमीटर. दूर आहे, पण कोंबड्यांचा टेम्पो एका रात्रीत जाईल इतकंच दूर.

आणि मी आईला काय सांगितलं? "थांब, दोन दिवस बघू."

मी सॉफ्टवेअरवाला माणूस. सर्व्हर पडला तर पाच मिनिटांत कळवायचं, हे मी नव्या पोरांना शिकवतो. आणि इथे म्हणालो, दोन दिवस बघू. का म्हणालो, त्याचं उत्तर शोधताना मला सरकारची सगळी योजना वाचावी लागली. ती आज सांगतो.

आधी आजार. बर्ड फ्लू म्हणजे पक्ष्यांचा इन्फ्लुएन्झा. आपल्याकडे ज्याची भीती आहे तो एच५एन१. एच आणि एन ही विषाणूच्या अंगावरच्या दोन प्रथिनांची नावं आहेत, आकडे म्हणजे त्यांचे प्रकार. हा विषाणू मुळात पाणपक्ष्यांचा. बदकं, किनाऱ्यावरचे पक्षी तो अंगावर घेऊन फिरतात आणि बऱ्याचदा त्यांना फारसं काही होतही नाही. कोंबडीच्या अंगात शिरला की मात्र दोन-तीन दिवसांत अख्खं शेड आडवं. हिवाळ्यात उत्तरेकडून पक्षी येतात, आणि महाराष्ट्रातल्या साथींचे महिने बघा. नवापूर फेब्रुवारी २००६. परभणीचं मुरुंबा जानेवारी २०२१. शहापूरचं वेहळोली फेब्रुवारी २०२२. चिरनेर जानेवारी २०२५. प्रत्येक वेळी पक्ष्यांनीच आणला असं म्हणता येणार नाही, कारण विष्ठा लागलेली चप्पल, अंड्यांचे ट्रे, टेम्पोतले क्रेट हेही तेवढेच वाहक आहेत. पण कॅलेंडर बोलतं.

घोळ असा की आपल्या जुन्या ओळखीचा एक आजार अगदी असाच दिसतो. मानमोडी. पुस्तकात त्याला राणीखेत म्हणतात. मान वाकडी होते, हिरवट हगवण लागते, पक्षी पटापट मरतात. बर्ड फ्लूत तुरा निळा-जांभळा पडतो, डोकं सुजतं, पायांवर लाल ठिपके येतात, आणि कधीकधी यातलं काहीही न दिसता पक्षी सरळ मरतो. नुसतं बघून खात्रीने सांगता येत नाही, डॉक्टरलाही नाही. प्रयोगशाळाच लागते.

या घोळाची किंमत महाराष्ट्राने सगळ्यात आधी मोजली. नंदुरबार जिल्ह्यातलं नवापूर, गुजरातच्या सीमेवरचं, पोल्ट्रीवर उभं राहिलेलं गाव. २००६ च्या सुरुवातीला तिथे शेडमध्ये पक्षी मरायला लागले. सुरुवातीला सगळे राणीखेतच समजले. कुणी मुद्दाम लपवलं असं नाही, देशात तोवर बर्ड फ्लू सापडलाच नव्हता, तर डोक्यात येणार कुठून? नमुने भोपाळच्या अतिसुरक्षित पशुरोग प्रयोगशाळेत गेले आणि १८ फेब्रुवारी २००६ ला जाहीर झालं की एच५एन१ आहे. भारतातली पहिली नोंद. पुढचे दिवस तीन किलोमीटरच्या आतला प्रत्येक पक्षी मारण्यात गेले, एकूण आकडा काही लाखांत. रेल्वेच्या जेवणातून चिकन गेलं. मार्चमध्ये जळगाव जिल्ह्यातही तेच. माणसाला मात्र एकालाही लागण झाल्याचं निघालं नाही. आणि १५ वर्षांनी, फेब्रुवारी २०२१ मध्ये, त्याच नवापूरला पुन्हा तेच सगळं घडलं.

आता समजा, तुम्ही फोन केला. पुढे काय होतं?

कायदा २००९ चा आहे, प्राण्यांमधल्या संसर्गजन्य रोगांचा प्रतिबंध आणि नियंत्रण करणारा. त्याप्रमाणे ज्याच्याकडे आजारी जनावर किंवा पक्षी असल्याचा संशय आहे, त्याने ग्रामपंचायतीला किंवा गावच्या अधिकाऱ्याला कळवायचं, आणि त्यांनी जवळच्या पशुवैद्यकाला. हे ऐच्छिक नाही, बंधनकारक आहे. प्रत्यक्षात लोक सरळ दवाखान्यात फोन करतात किंवा १९६२ लावतात, तेही चालतं. डॉक्टर येऊन मेलेला पक्षी आणि जिवंत पक्ष्यांच्या घशातले, गुदद्वारातले स्वॅब घेतात. स्वॅब म्हटलं की २०२० आठवतं ना? अगदी तसंच, चाचणीही तीच, आरटीपीसीआर. नमुना आधी पुण्याला औंधच्या प्रयोगशाळेत, आणि शेवटचा शिक्का भोपाळचाच. ती संस्था आता राष्ट्रीय उच्च सुरक्षा पशुरोग संस्था या नावाने ओळखली जाते. तिचा रिपोर्ट येईपर्यंत त्या घरातून पक्षी, अंडी, खाद्य, खत काही बाहेर जाऊ द्यायचं नाही.

रिपोर्ट पॉझिटिव्ह आला की जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश निघतो. नकाशावर दोन वर्तुळं पडतात. केंद्राच्या कृती आराखड्यानुसार एक किलोमीटरच्या आत बाधित क्षेत्र, तिथले सगळे पाळीव पक्षी मारायचे, निरोगी दिसणारेही. एक ते दहा किलोमीटर निगराणी क्षेत्र, तिथे मारायचं नाही, पण पक्ष्यांच्या खरेदी-विक्रीवर, वाहतुकीवर बंधनं आणि नमुने तपासणं.

आता थोडं गणित, मला मोह आवरत नाही. २००६ मध्ये मारण्याची त्रिज्या तीन किलोमीटर होती. आता एक. ऐकायला तिप्पट फरक वाटतो, पण क्षेत्रफळ त्रिज्येच्या वर्गाने वाढतं. तीन किलोमीटरचं वर्तुळ म्हणजे साधारण २८ चौरस किलोमीटर, एकचं म्हणजे तीनच्या थोडं वर. नऊपट कमी जागेतले पक्षी मरतात. माझ्या मते हा सगळ्यात शहाणा बदल आहे. वर्तुळ जेवढं मोठं, तेवढी निरोगी कोंबडी मारली गेल्याची चीड जास्त, आणि तेवढी माणसं पुढच्या वेळी गप्प बसणारी. पण लहान वर्तुळ चालायला एकच अट आहे, फोन लवकर यायला हवा.

मारणारी पथकं पशुसंवर्धन विभागाचीच असतात. पूर्ण सूट, मास्क, गॉगल, वर टॅमिफ्लूच्या गोळ्या, नंतर काही दिवस त्यांच्या तब्येतीवर लक्ष. मान मोडून मारतात. खोल खड्डा, थरावर चुना, पक्षी, खाद्य, अंडी सगळं आत. मग शेड धुणं, जंतुनाशक, सील. त्यानंतर साधारण तीन महिने दर पंधरा दिवसांनी नमुने, आणि ते साफ आले की मगच नवी पिल्लं आणायची परवानगी. जाने-फेब्रुवारीत साथ आली तर सरळ पावसाळ्याच्या तोंडाशी.

आणि पैसे? इथे मी दोनदा वाचलं.

२०२१ च्या साथीत राज्यात जाहीर झालेले दर असे होते. अंडी देणारी कोंबडी आठ आठवड्यांपर्यंत २० रुपये, त्यावरची ९० रुपये. मांसाची, म्हणजे ब्रॉयलर, सहा आठवड्यांपर्यंत २० रुपये, त्यावरची ७० रुपये. अंडं तीन रुपये, खाद्य किलोला १२ रुपये. ब्रॉयलर पाळणाऱ्या कुणालाही विचारा, पक्षी विकायला तयार कधी होतो? पाच ते सहा आठवड्यांत. म्हणजे शेडमधला जवळपास प्रत्येक पक्षी सहा आठवड्यांच्या आतलाच, २० रुपयांवाला. ७० रुपयांच्या दराला पोचेपर्यंत त्याची कुठेतरी तंदुरी झालेली असते.

आणखी एक कलम. भरपाई सरकारने मारलेल्या पक्ष्यांची. आधीच मेलेल्यांची नाही.

हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा अन्याय वाटला. मग विचार केला. समजा अंड्यांच्या १००० कोंबड्या आहेत. पहिल्या दिवशी २० मेल्या आणि त्याच दिवशी कळवलं, पथक येईपर्यंत आणखी ८० गेल्या, तर ९०० ची भरपाई, ८१,००० रुपये. चार दिवस 'बघू' म्हणालात आणि ७०० मेल्या, तर फक्त ३०० ची, २७,०००. लवकर सांगणाऱ्याला जास्त मिळावं, असा तो डाव आहे. कागदावर बरोबर. मेलेल्यांचेही पैसे दिले असते तर कुणी घाई केली नसती. पण हा डाव चालतो तेव्हाच, जेव्हा दर बाजाराच्या जवळपास असतो आणि पैसे वेळेत खात्यात येतात. दर इतका खाली असेल तर माणूस वेगळा हिशोब करतो. कळवण्यापेक्षा आज रात्रीच टेम्पो भरून जिवंत पक्षी विकून टाकले तर?

हा नुसता तर्क नाही. २००८ मध्ये पश्चिम बंगालमध्ये साथ आली, देशातली तोवरची सगळ्यात मोठी. सुमारे ४० लाख पक्षी मारले गेले आणि त्यात घरामागच्या कोंबड्या खूप होत्या. लोक पथक आल्यावर कोंबड्या लपवायचे. त्यांना दोष देणं सोपं आहे. मी देत नाही, कारण मला आमच्या काकी माहीत आहेत.

काकींकडे तेव्हा १७ कोंबड्या होत्या, तीन गेल्यावर १४. सगळ्या गावठी. गावठी अंडं म्हसळ्याच्या बाजारात दहा-बारा रुपयांना सहज जातं. शिमग्याला नाहीतर राखणीला एखाद्या तगड्या कोंबड्याचे सहा-सातशे रुपये येतात, मुंबईचा चाकरमानी घासाघीस पण करत नाही. १४ कोंबड्यांचे ९० प्रमाणे होतात १,२६०. म्हणजे दोन कोंबड्यांचे पैसे. आणि वर्तुळ फक्त काकींचं नाही. म्हसळ्याच्या बाजारात कंपास रोवून एक किलोमीटरचं वर्तुळ मारा, त्यात किती परसं येतील? त्यातली प्रत्येक बाई विचारणार, कुणी केला फोन?

आता कळलं ना, मी 'दोन दिवस बघू' का म्हणालो?

एका दिवसाने आईचाच फोन आला, आणखी एक गेली. मग मी पुण्यातूनच दवाखान्यात फोन लावला. काकींना न विचारता. हे चुकलं का, यावर आमच्या घरात अजून दोन मतं आहेत.

डॉक्टर दुपारी आले. साधा माणूस, मोटरसायकलवर, बर्फाचा डबा घेऊन. कोंबड्या बघून म्हणाले, मानमोडीच वाटतेय, पण चिरनेर चालू आहे, नमुना पाठवल्याशिवाय मी काही बोलणार नाही. नवापूरचा धडा एका वाक्यात. मग त्यांनी एक प्रश्न विचारला जो मला सुचलाच नव्हता. "गेल्या आठ दिवसांत इथून कोंबड्या कुठे गेल्या?"

काकी गप्प. आईने सांगितलं, आदल्याच दिवशी, म्हणजे मी 'बघू' म्हणालो त्या दिवशी, दोन कोंबड्या मेंदडीला बहिणीकडे गेल्या. पिशवीत घालून, एसटीने. काकींना वाटलं, इथे मरतायत, निदान दोन तरी वाचतील. यात लबाडी कुठेच नाही, मायाच आहे. पण साथ अशीच पसरते. बर्ड फ्लू असता तर माझ्या एका दिवसाच्या आळसाने दुसरं वर्तुळ मेंदडीला पडलं असतं.

रिपोर्ट यायला काही दिवस लागले. त्या दिवसांत घरी आलेले प्रश्न इथेच उरकतो, कारण तुमचेही तेच असणार.

चिकन खायचं की नाही? नीट शिजवलेलं, बिनधास्त. विषाणू ७० अंश सेल्सिअसला मरतो, आपली सागोती त्याच्या कितीतरी वर रटरटत असते. अर्धकच्चं अंडं, कच्चं मांस हाताळून तोच हात तोंडाला, हे टाळा. माणसाला होतो का? क्वचित, पण झाला तर वाईट. जुलै २०२१ मध्ये दिल्लीच्या एम्समध्ये हरियाणातला एक लहान मुलगा गेला, भारतातला एच५एन१ चा पहिला मानवी मृत्यू. २०२५ मध्ये आंध्रात दोन वर्षांची मुलगी गेली, तिने कच्च्या चिकनचा तुकडा खाल्ला होता. आणि फक्त माणूस-कोंबडी नाही. नागपूरच्या गोरेवाड्यात डिसेंबर २०२४ मध्ये तीन वाघ आणि एक बिबट्या मेले, तपासणीत एच५एन१ निघाला. म्हणून मेलेली कोंबडी कुत्र्यामांजरापुढे टाकू नका, नदीत तर मुळीच नको.

लस का देत नाहीत? मानमोडीची लस आहे, स्वस्त आहे, घरच्या कोंबड्यांना द्यायलाच हवी. बर्ड फ्लूच्या एच५एन१ साठी भारताचं धोरण लसीचं नाही, शोधा आणि मारा असं आहे. चीन लस देतो, फ्रान्सने २०२३ पासून बदकांना द्यायला सुरुवात केली. लस दिली की पक्षी मरत नाहीत, पण विषाणू आतल्या आत फिरत राहू शकतो आणि कळत नाही, ही त्यातली अडचण. शिवाय निर्यातीवर परिणाम. मला दोन्ही बाजू पटतात, त्यामुळे इथे हुशारी मारत नाही.

आणि ग्रुपवरचे मेसेज. फेब्रुवारी-मार्च २०२० आठवा, चिकनने कोरोना होतो म्हणून अफवा उठली. भाव इतके कोसळले की बेळगाव जिल्ह्यात गोकाक तालुक्यात एका शेतकऱ्याने हजारो जिवंत कोंबड्या खड्ड्यात पुरल्या. त्या कोंबड्यांना काहीही झालेलं नव्हतं. भरपाईचं कलमही नव्हतं, कारण अफवेला कलम नसतं.

तर रिपोर्ट. बर्ड फ्लू नाही, मानमोडी. डॉक्टरांनी उरलेल्यांना आणि आजूबाजूच्या घरांतल्या कोंबड्यांना लस दिली. काकींच्या आणखी दोन गेल्या. मेंदडीची एक गेली.

काकी महिनाभर माझ्याशी बोलल्या नाहीत. शिमग्याला घरी आलो तेव्हा दारातूनच म्हणाल्या, "ये रे फोनवाल्या." मी विचारलं, काकी, पुढच्या वेळी तुम्ही स्वतः कराल का फोन? त्या म्हणाल्या, "करीन. पण ९० रुपयांत कोंबडा कुठे मिळतो ते आधी मला दाखव."

मी अजून शोधतोय. मागे आत्ता जो ओरडतोय ना, तो त्यांचाच. तुमच्या गावात कधी पथक आलं असेल, पैसे मिळाले असतील किंवा मिळाले नसतील, तर व्हॉइस नोट पाठवा, पुढच्या एपिसोडला लावतो. नाव सांगायची गरज नाही.